मुलांना पुस्तक वाचून दाखवताना : शाळेतला वर्ग आणि ऊसतोडीच्या कोप्या

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातील आमच्या गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा आहे आणि गावापासून थोड्या अंतरावर साखर कारखाना आहे. शाळेतील पहिली-दुसरीच्या मुलांना, आणि गळीत हंगामात कारखान्यालगतच्या माळावर कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या घालून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना, आम्ही काही जण आठवड्यातील ठरलेल्या वारी पुस्तके वाचून दाखवतो. आमच्यात निवृत्त गुरुजी आहेत, बचत गटातील बायका आहेत, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील मुले-मुली आहेत आणि बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेली मी आहे. शिक्षणक्षेत्रात या कामाला प्रकट वाचन म्हणतात. हे काम करू इच्छिणारे लोक आम्हाला भेटतात आणि यात नेमके काय करायचे असते असे विचारतात, म्हणून आम्ही जे केले आणि त्यातून जे समजत गेले ते लिहून काढत आहे. माझे मत आधीच सांगते. मुलांसमोर किती पुस्तके वाचली यापेक्षा एखादे चांगले पुस्तक त्यांच्यासमोर किती वेळा वाचले गेले, याला या कामात अधिक महत्त्व आहे.

सुरुवात परवानगीपासून झाली. मुख्याध्यापिका बाईंना कल्पना पटली, पण त्यांनी लगेच सांगितले, “तोंडी बोलण्यावर मला कुणाला वर्गात सोडता येणार नाही, तुम्ही रीतसर अर्ज द्या.” आम्ही कोण, कोणत्या इयत्तेला, कोणत्या वारी, किती वेळ वाचणार आणि कोणती पुस्तके आणणार, हे सगळे अर्जात लिहिले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार अशा शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीच्या बैठकीत आमचा अर्ज वाचला गेला. एका पालकाने विचारले, “यात कुठल्या पक्षाचा, पंथाचा प्रचार नाही ना?” आम्ही पिशवीतली पुस्तके समोर ठेवली, ती सर्वांनी चाळली आणि ठराव झाला. तेथून अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला. दरम्यान प्रत्येकाने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळवला. वाचन चालू असताना वर्गशिक्षिका वर्गातच थांबतील आणि मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो कुणी काढणार नाही, अशा दोन अटी शाळेने घातल्या. उन्हाळी सुट्टी संपता संपता दिलेल्या अर्जावर शेवटची सही झाली तेव्हा पावसाळा सरत आला होता. आमच्यातील काही जणांना ही सगळी चाळण जाचक वाटली, मला मात्र ती योग्य वाटते. लहान मुलांच्या वर्गात परका माणूस येतो तेव्हा शाळेने त्याची चौकशी केलीच पाहिजे, आणि जी शाळा ती करत नाही तिच्याकडे आपणच आग्रह धरावा.

बाईंचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता. याने मुलांची वाचनाची पातळी वाढेल का, असे त्यांनी विचारले. त्यांच्यावरचा ताण खरा होता. ग्रामीण मुलांना वाचन-गणित किती येते हे तपासणाऱ्या, २००५ पासून होत आलेल्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये सुमारे वीस टक्के होती आणि २०२४ मध्ये सुमारे सत्तावीस टक्के. २०२१ मध्ये केंद्र सरकारचे निपुण भारत अभियान सुरू झाल्यापासून तिसरीअखेर प्रत्येक मूल समजून वाचू लागले पाहिजे हे उद्दिष्ट प्रत्येक शाळेपुढे आहे. आम्ही बाईंना सांगितले की अक्षरे शिकवण्याचे काम तुमचे आहे, त्याचे प्रशिक्षण तुम्हाला आहे, त्यात आम्ही हात घालणार नाही. आम्ही फक्त पुस्तकातली भाषा मुलांच्या कानावर घालू. घरात, रानात, अंगणात लहान मुलाशी आपण जे बोलतो ते बहुतेक समोरच्या वस्तूविषयी आणि तोकडे असते: ये, दे, तिकडे ठेव, पाणी आण. पुस्तकातले वाक्य वेगळे चालते. त्यात ‘तेवढ्यात’ येते, ‘त्यामुळे’ येते, ‘इतक्यात त्याच्या लक्षात आले की’ अशी लांब रचना येते, आणि जे समोर नाही त्याविषयी सगळे बोलणे असते. अशी वाक्ये कधी ऐकलेलीच नसतील तर अक्षर लावून वाचणाऱ्या मुलाला एकाच वेळी दोन ओझी उचलावी लागतात. अक्षर ओळखायचे आणि अनोळखी वाक्याचा अर्थही लावायचा. आम्ही त्यातले एक ओझे आधीच हलके करू शकतो, असे बाईंना सांगितले. त्यांनी शनिवारची सकाळ दिली, कारण शनिवारी शाळा सकाळची असते आणि बाकीच्या तासिकांची ओढाताण त्या दिवशी कमी असते.

आमच्या गुरुजींचा आक्षेप वेगळाच होता आणि त्यावर आमची पुष्कळ चर्चा झाली. आपल्याकडे गोष्ट सांगण्याची परंपरा मोठी आहे. साने गुरुजींच्या नावाने चाललेल्या कथामालेने महाराष्ट्रातील शाळाशाळांत कथाकथन नेले आणि आमचे गुरुजी उमेदीच्या वयात तिथे गोष्टी सांगत आलेले. “पुस्तकात बघून वाचायचं तर त्यात आपलं काय राहिलं? गोष्ट तोंडपाठ पाहिजे आणि पोरांच्या डोळ्यांत बघून सांगता आली पाहिजे,” असे ते म्हणत. सांगण्याची ताकद मी कमी लेखत नाही. पण सांगितलेली गोष्ट दर वेळी थोडी बदलते आणि सांगणारा निघून गेला की ती त्याच्याबरोबर जाते. वाचलेली गोष्ट मागे राहते. मागच्या शनिवारी माझ्या तोंडून जे शब्द आले तेच या शनिवारी आले, आणि पुढच्या वेळी गुरुजींनी वाचले तरी तेच येणार, हे मुलाला कळते तेव्हा शब्द माणसाच्या तोंडात नसून पानावरच्या त्या काळ्या खुणांत आहेत हेही त्याला कळते. लिहिणे म्हणजे काय, याची ती पहिली समज आहे आणि ती वहीवर अक्षरे गिरवून येत नाही. म्हणून आम्ही एक नियम केला: छापलेले वाक्य आहे तसेच वाचायचे, नटवायचे नाही आणि सोपेही करायचे नाही. गुरुजींनी तो मान्य केला, आणि आज कथामालेत कमावलेला त्यांचा आवाज आणि पुस्तकातले शब्द एकत्र येतात तेव्हा आमच्यापैकी कुणाचेच वाचन त्यांच्याइतके चांगले होत नाही.

पुस्तके निवडायला आम्हाला बराच वेळ लागला आणि तो सत्कारणी लागला असे मी म्हणेन. गावचे वाचनालय शासनमान्य आहे, पण तिथल्या बालविभागात मोठ्या मुलांसाठीच्या जाड, चित्रे नसलेल्या किंवा अगदी बारीक टायपातल्या कथाच अधिक होत्या. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स, तूलिका या प्रकाशनांची मराठी चित्रपुस्तके आम्ही मागवली, आणि प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून काही गोष्टी उतरवून मोठ्या कागदावर छापून घेतल्या. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्याने श्रेय देऊन त्या छापता येतात. निवडताना पुस्तक आधी घरी मोठ्याने वाचून पाहायचे असे ठरले. जीभ जिथे अडते तिथे वाक्यात काही तरी बिनसलेले असते. अनुवादित पुस्तकांत हे जास्त जाणवते, कारण शब्द मराठी असतात पण वाक्याची चाल परकी राहते, आणि मुले अशा वाक्यापाशी हटकून चुळबुळ करतात. एका पानावर दोन-तीन ओळींहून अधिक मजकूर असेल तर मागच्या रांगेतल्या मुलाचे चित्र पाहून होते आणि मजकूर संपलेला नसतो. चित्र फार बारीक कलाकुसरीचे असेल तर ते हातात घेऊन पाहायला छान असते, वर्गाला दाखवायला उपयोगी पडत नाही. शेवटी तात्पर्य सांगणारी पुस्तके आम्ही बाजूला ठेवली. तात्पर्य आले की मुले पाठ म्हणतात तशा सुरात “खोटे बोलू नये” म्हणतात आणि गोष्ट तिथेच संपते, तिच्याविषयी पुढे कुणी बोलत नाही.

वाचण्याची तयारी हा भाग बहुतेकांना अनावश्यक वाटतो. वाचायलाच तर येते, मग सराव कसला, असे नवीन आलेली मंडळी म्हणतात. प्रत्यक्षात पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचे, स्वतः बाजूने किंवा वरून वाचायचे, पान खालच्या कोपऱ्याला धरून उलटायचे आणि हात चित्रावर येऊ द्यायचा नाही, एवढे जमायलाच घरी आरशासमोर बसावे लागते. उजेड कुठून येतो हे सर्वांत महत्त्वाचे. वाचणारा खिडकीकडे पाठ करून बसला तर चित्र अंधारात जाते आणि मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो. म्हणून आम्ही खिडकीकडे तोंड करून बसतो आणि मुलांना खिडकीकडे पाठ करून अर्धवर्तुळात बसवतो. गुळगुळीत कागद असेल तर पुस्तक किंचित खाली झुकवावे लागते, नाहीतर पानावर नुसती चकाकी दिसते. मुखपृष्ठ दाखवून गोष्टीचे नाव, लिहिणाऱ्याचे नाव, चित्रे काढणाऱ्याचे नाव वाचायचे, कारण पुस्तक कुणी तरी माणसाने केलेले असते हे मुलांना माहीत नसते. एकदा दुसरीतल्या मुलाने विचारले होते, “हे चित्र काढणारी बाई अजून जिवंत हाय?” आहे म्हटल्यावर तो बराच वेळ मुखपृष्ठाकडे पाहत राहिला. पान उलटण्याआधी क्षणभर थांबायचे, पण प्रत्येक पानावर थांबून “आता काय होईल सांगा बरं” असे विचारायचे नाही. कठीण शब्द आला तर अर्थाचा तास घ्यायचा नाही. चित्रावर बोट ठेवायचे, आवाजाने सुचवायचे आणि पुढे जायचे.

पहिल्या वाचनात मुले चित्रे पाहतात. हे मी वारंवार पाहिले आहे. त्यांना पुढे काय होणार हे जाणून घ्यायचे असते आणि शब्द त्या उत्सुकतेत वाहून जातात. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, त्यामुळे मन मोकळे असते आणि मग ती शब्द ऐकू लागतात, चित्राच्या कोपऱ्यातले मांजर त्यांना दिसते, पहिल्या पानावरचा माणूस शेवटच्या पानावरही उभा आहे हे कुणी तरी ओरडून सांगते. त्यानंतरच्या वाचनात वाक्ये त्यांच्या तोंडी येऊ लागतात. मोठ्यांना ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते आणि स्वयंसेवक सारखा नवे पुस्तक आणू पाहतो. नवे आणण्यात त्याला आपण काही तरी देत आहोत असे समाधान मिळते. पण मुले काय मागतात ते ऐकले तर उत्तर स्पष्ट असते. “परत तेच वाचा की,” ही मागणी आमच्या वर्गात नव्या पुस्तकाच्या मागणीपेक्षा कितीतरी अधिक वेळा होते. आपल्या गावांत श्रावणात पोथी लावतात, ती दर वर्षी तीच असते, ऐकणाऱ्या बायकांना पुढची ओवी पाठ असते, आणि कुणीही म्हणत नाही की ही मागच्या वर्षी ऐकली, आता दुसरी लावा. एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकत ऐकत ते आपलेसे करायचे, हा रिवाज आपल्या अंगवळणी पडलेला आहे. तो मुलांच्या पुस्तकालाही लागू आहे एवढेच. म्हणून आता आम्ही एक पुस्तक किमान महिनाभर चालू ठेवतो. त्या काळात ते वर्गाच्या खिडकीत मुलांच्या हाती लागेल असे ठेवलेले असते, कपाटात बंद नसते. फाटले तर चिकटवतो.

कोप्यांवरचे काम यापेक्षा फार वेगळे आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरलेला असतो, आणि गावाकडे मुलांना सांभाळणारे कुणी नसेल तर मुले बरोबर येतात. शासनाने गावोगावी हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देऊन जवळच्या शाळेत बसवण्याची सोय केली, पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालत. तरीही दिवसा कोप्यांवर गेले तर शाळेच्या वयाची मुले धाकट्यांना घेऊन बसलेली दिसतातच. तिथे अर्ज कुणाकडे करायचा हा प्रश्न होता. आम्ही आधी कारखान्याच्या शेती खात्यातील अधिकाऱ्यांना भेटलो, मग मुकादमाला, आणि शेवटी ज्यांची मुले त्या आई-बापांना, संध्याकाळी ते उसाच्या फडातून परतल्यावर. मुकादमाने एवढेच सांगितले, “कामाच्या वक्ताला पोरं अडकून पडू नयेत, तेवढं बघा.” तेव्हा मला त्या वाक्याचा राग आला होता, पण वेळ ठरवताना आम्हाला तेच पाहावे लागले. आई-बाप पहाटे अंधारात फडावर जातात. दुपारनंतर मोठ्या मुली पाणी आणतात, पीठ मळतात, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याच्या, पेंढ्या विकायला रस्त्याकडेला बसतात. या सगळ्याच्या मधली तासाभराची फट सापडली ती साडेचारच्या सुमाराची, आणि कोणत्याही दिवशी ती हमखास मिळेल असे नसते.

कोपीत उजेड नसतो, म्हणून बाहेर सतरंजी टाकायची. सूर्य पश्चिमेला उतरलेला असतो, तेव्हा मुलांची पाठ त्याच्याकडे आणि वाचणाऱ्याचे तोंड त्याच्याकडे. आपले डोळे दिपतात, पण चित्रावर उजेड चांगला पडतो. वर्गात बसण्याची सवय नसलेली मुले उठतात, जातात, परत येतात. चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची सगळी एकत्र असतात. पुस्तक अर्ध्यावर असताना वाढे घ्यायला शेतकरी येतो आणि दोन मुली निघून जातात. तिथे शाळेतली शिस्त मागणे चूक आहे. आम्ही तिथे लहान पुस्तके नेतो, पाच-सात मिनिटांत वाचून होतील अशी, आणि जो उशिरा आला त्याच्यासाठी तीच पुन्हा सुरू करतो. आधीपासून बसलेल्यांना त्याचे काहीच वाटत नाही.

तिथली एक मुलगी मला विशेष सांगावीशी वाटते. नऊ-दहा वर्षांची असेल. कडेवर भाऊ असायचा, त्यामुळे ती सतरंजीवर न बसता मागे उभी राहून झुलत ऐकायची. आम्ही त्या दिवसांत हरवलेली शेळी शोधणाऱ्या मुलीचे एक पुस्तक वाचत होतो, ज्यात प्रत्येक पानावर तेच वाक्य थोडे बदलून येते. काही आठवड्यांनी ती माझ्या आधी ते वाक्य म्हणू लागली, आणि बदललेला शब्दसुद्धा बरोबर पकडू लागली. एके दिवशी भाऊ झोपला होता म्हणून ती पुढे येऊन बसली आणि म्हणाली, “यात शेळी कुठं लिवली?” मी पानावर बोट ठेवले. तिने त्यानंतर प्रत्येक पानावर तो शब्द शोधून काढला, जिथे चित्रात शेळी होती पण मजकुरात शब्द नव्हता तिथे तिने मला सांगितले, “इथं हाय बी अन नाय बी.” गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचा फलक आहे. पुढच्या वेळी तिने मला विचारले की त्या भिंतीवर शेळी का लिहिली आहे. दुसरीपर्यंत तिच्या गावच्या शाळेत ती बसली होती, अक्षरे काही ओळखीची होती, त्यामुळे हे सगळे प्रकट वाचनाने घडले असा दावा मी करणार नाही. पण भिंतीवरचे अक्षर आपल्याशी काही बोलते, हे त्या पुस्तकामुळे तिच्या लक्षात आले याविषयी मला शंका नाही.

एका टोळीत बंजारा कुटुंबे होती आणि त्यांची धाकटी मुले घरी गोरमाटी बोलत. मराठी पुस्तक सरळ वाचले तर ती चित्रे पाहून उठून जात. त्यांच्यातला एक सातवीपर्यंत शिकलेला मुलगा आम्ही मदतीला घेतला. आधी तो चित्रे दाखवत सगळी गोष्ट गोरमाटीत सांगायचा, मग मी मराठीत वाचायची. गोष्ट माहीत झालेली असल्याने मराठी शब्दांचा अर्थ मुलांना आपोआप लागत असे. काही दिवसांनी त्या मुलाने स्वतः मराठी वाचायला घेतले आणि माझ्यापेक्षा त्याच्याकडून ऐकणे मुलांना अधिक आवडले. बाहेरच्या स्वयंसेवकाने शक्य तितक्या लवकर वस्तीतल्याच एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती पुस्तक द्यावे, असे मला तेव्हापासून वाटते. तो तिथेच राहतो, आणि वाचणे हे आपल्यातल्याच माणसाचे काम आहे हे धाकट्यांना दिसते.

स्वयंसेवक मिळणे अवघड नाही, टिकणे अवघड आहे. आठ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन असतो, पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी वाचायला उत्साहाने पुष्कळ लोक येतात. त्यांचे स्वागतच आहे, कारण आमच्यातील निम्मे लोक अशाच एखाद्या दिवशी पहिल्यांदा आले. पण मुलांच्या बाजूने पाहिले तर जो माणूस एकदाच आला आणि पुन्हा आला नाही, त्याच्याविषयी ती पुढचे कित्येक शनिवार विचारत राहतात. म्हणून आता नवीन येणाऱ्याला आम्ही आधी एक महिना केवळ ऐकायला बसवतो, मुलांबरोबर सतरंजीवर. त्याने एकट्याने वाचण्याआधी एका सत्रापुरते कबूल करायचे, शाळेत असेल तर दिवाळीपर्यंत आणि कोप्यांवर असेल तर हंगाम उठेपर्यंत. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांना आम्ही पुस्तके चिकटवणे, छापून आणणे, वाचनालयातून नेणे-आणणे अशी कामे देतो, आणि ती मंडळी ती मनापासून करतात. बचत गटातल्या एक ताई स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या घरी संध्याकाळी तेच पुस्तक नातवासमोर वाचून सराव करतात आणि मग वर्गात येतात. त्यांचे वाचन सावकाश असते, बोट ओळीखालून फिरत असते, आणि नुकतीच वाचू लागलेली मुले त्यांच्याबरोबर ओठ हलवतात.

ज्यांना हे सुरू करायचे आहे त्यांनी शाळेचा अर्ज जूनमध्ये शाळा उघडताच द्यावा, म्हणजे समितीच्या पहिल्याच बैठकीत तो घेतला जातो. वाचायला पहिली-दुसरीच मागावी. चौथीच्या मुलांनाही ऐकायला आवडते, पण नव्या माणसाला सुरुवात लहानांकडून सोपी जाते. प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक वाचण्यासाठी आणि एक मुलांच्या हातात राहण्यासाठी. पहिले पुस्तक असे निवडावे ज्यात एखादे वाक्य फिरून फिरून येते, कारण त्यात मुलांना लवकर सामील होता येते. कोप्यांवर टोळ्या उतरल्यानंतर पंधरवडाभर थांबून मगच जावे. सुरुवातीचे दिवस कोप्या उभारण्यात आणि सरपण-पाण्याची व्यवस्था लावण्यात जातात. आणि हंगाम उठण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक कोपीत एक पुस्तक द्यावे, ते कोरे नवे नसावे, मुलांनी त्या हंगामात ऐकून ऐकून पाठ केलेलेच असावे. गावाकडे ते वाचून दाखवणारे कुणी नसले तरी ती मुले ते चित्रांवरून आणि आठवणीवरून धाकट्यांना म्हणून दाखवू शकतात. या प्रतींचा खर्च आम्ही गावातल्या वर्गणीतून भागवतो, आणि पुढच्या हंगामासाठी ती वर्गणी गणपतीच्या सुमारासच गोळा करायला घेतो.